मंगळ दोघींचा, होम एकीचा

ग्रहांची शांती करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग होता, असं सांगितलं की समोरचा माणूस एक तर हात जोडतो नाही तर मिशीत हसतो. दोन्हींची मला सवय आहे. खरोखर जाणून घ्यायचंय म्हणून माझ्याकडे पाहणारा चेहरा फार क्वचित दिसला. तसा एक चेहरा एका मुलीचा होता. तिची हकीकत इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. आता सगळ्यांची वयं झाली, राग-रुसवे निवले, म्हणून सांगतो.

आम्ही मूळचे निपाणीकडचे. माझे काका बेंगळुरात, मल्लेश्वरमात पौरोहित्य करीत. त्यांच्या हाताखाली मी आलो आणि त्यांच्यामागे त्यांच्या यजमानांची घरं माझ्याकडे आली. ही घरं दोन तऱ्हेची होती. काही पिढ्यान्‌पिढ्या इथं मुरलेली, त्यांची मराठी "अक्का, स्वल्प साखर घाला" अशी. बाकीची पन्नास-साठच्या दशकांत विमानांच्या, टेलिफोनच्या, यंत्रांच्या कारखान्यांत नोकरीला आलेली, पुण्या-सांगलीची. जुन्या घरांत ग्रह म्हणजे वडीलधारे नातेवाईक. ते रुसतात, त्यांची समजूत काढावी लागते. नव्या घरांतला यजमान पाटावर बसायच्या आधीच विचारणार, "गुरुजी, शनी इथून किती लांब आहे, कल्पना आहे का?" मी म्हणायचो, "लांबी तुम्ही मोजा. पत्ता माझ्याकडे आहे."

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पत्रिकेत एखादा ग्रह वाईट ठिकाणी पडला, तर त्याच्या नावानं अग्नीत आहुती द्यायच्या, ही ग्रहशांती. विटांवर माती-वाळू पसरून चौकोनी ओटा करायचा आणि त्यावर अग्नी ठेवायचा. शेजारी चौरंगावर नऊ ग्रहांची धान्यं मांडायची. सूर्याला गहू, चंद्राला तांदूळ, मंगळाला तूर, शनीला तीळ, अशी प्रत्येकाची आवड ठरलेली. लाकूडही ज्याचं त्याचं. सूर्याची रुई रेल्वेच्या कडेला फुकट मिळे. शनीची शमी म्हणजे इथली बन्नी, ती दसऱ्यामुळे सगळ्यांच्या ओळखीची. मंगळाचा खैर मात्र गावभर हिंडवायचा. मार्केटात पूजेचं आणि झाडपाल्याचं सामान विकणारा अंगडीवाला मला बघितलं की आधीच म्हणायचा, "नाळे बन्नी, स्वामी." म्हणजे, उद्या या. मंत्र पोथीत असतात, पण होमाला कोरडं लाकूड लागतं, आणि ते मिळवण्यातच अर्धा जन्म जातो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका कॉफीच्या दुकानदारानं आपल्या दळायच्या यंत्राची पत्रिका करून आणली होती. खोक्यातून ते बाहेर निघालं ती त्याची जन्मवेळ. यंत्राला साडेसाती होती. मी होम केला. मागाहून कळलं की त्याच दिवशी त्यानं मेकॅनिकलाही बोलावलं होतं. यंत्र चालू लागलं. श्रेय कुणाचं, यावर मी आणि मेकॅनिक दोघेही गप्प राहिलो.

अशा माझ्या सुखाच्या दिवसांत नाडगौडांच्या घरून निरोप आला.

वसंतराव नाडगौडा यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. आठव्या क्रॉसच्या, म्हणजे आठव्या आडव्या रस्त्याच्या, पलीकडे भाड्याच्या घरात राहायचे. त्यांच्या पत्नी इंदुवहिनी अतिशय सोवळ्या, अतिशय प्रेमळ आणि कायम धास्तावलेल्या. दोन मुली, मालती आणि शरयू. जुळ्या. चेहऱ्यानं इतक्या सारख्या, की मी त्यांना बोलण्यावरून ओळखायचो. मालू बोलताना जमिनीकडे बघे, शरू समोरच्याच्या डोळ्यांत. काही मिनिटांच्या अंतरानं जन्मलेल्या, म्हणून दोघींची पत्रिका एकच, आणि तिच्यात पहिल्या घरात मंगळ. अशा मुलीच्या नवऱ्याच्या आयुष्याला धोका असतो, असं मानतात. मी त्या घरी आलो-गेलो तेव्हा या मंगळाचा विषय कधी कुणी काढला नव्हता. मालूला सांगलीचं स्थळ आलं आणि तो घरभर झाला.

मुलगा चांगला, सरकारी नोकरीत. घरात त्याच्या आत्याचा शब्द चाले. आत्याबाईंनी कळवलं, मंगळाची शांती करा, ती बघायला मी जातीनं येईन, मग साखरपुडा.

इंदुवहिनी मला म्हणाल्या, "गुरुजी, होम होतोच आहे तर दोघींचा करून टाकू. एकाच अग्नीत. चालतं ना?"

"न चालायला काय झालं? संकल्पात दोन नावं घेऊ."

आतून शरू आली. ती तेव्हा कॉलेजात विज्ञान शिकत होती. "माझं नाव नको," ती म्हणाली. "माझा मंगळ आहे तसा राहू दे."

"अगं, पण का?"

"आम्हाला प्रयोगात शिकवतात. दोन सारखी रोपं घ्यायची, एकाला खत घालायचं, दुसऱ्याला नाही. मगच खताचा गुण कळतो. आम्ही दोघी आयत्याच सारख्या आहोत."

वसंतराव मोठ्यानं हसले. इंदुवहिनींनी तोंडाला पदर लावला. मालू आपल्या बहिणीकडे बघत राहिली, आणि मी, खरं सांगायचं तर, सामानाची यादी सांगायचंच विसरलो.

दोन दिवसांनी वसंतरावांनी मला बाजारात गाठलं. त्या दिवशीचं हसू चेहऱ्यावर नव्हतं. "गुरुजी, तिचं नाव मनातल्या मनात घ्या. तिला सांगायची गरज नाही."

"तुमचा तर यावर विश्वास नाही म्हणता?"

"विश्वास नाही. म्हणून भीती वाटत नाही असं थोडंच आहे?"

शास्त्राची आडकाठी नव्हती. मुलांसाठी आई-बापांनी शांती करायची चाल आहेच. मी विचार करतो म्हणालो आणि घरी येऊन बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मनातल्या मनात घेतलेलं नाव मंगळाला ऐकू जात असेल, तर मग एवढं तूप कशाला जाळता हो?"

मी सरळ शरूलाच जाऊन विचारायचं ठरवलं. ती मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. वडिलांचं नाव न काढता मी म्हटलं, "शरू, नाव घेतल्यानं तुझं काय बिघडतं?"

तिनं हातातलं पातळ दोरीवर टाकलं. "गुरुजी, मंगळ असून शांती केली नाही, अशा किती जणी तुमच्या पाहण्यात आहेत?"

मी आठवू लागलो. "माझ्या कशाला पाहण्यात येतील? ज्यांना शांती नको, त्या माझ्याकडे कशाला येतील?"

"मग शांतीनं फरक पडतो, हे तुम्हाला कसं कळलं?"

तिच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. बाजारात भाजीचा भाव विचारावा तसं तिनं विचारलं होतं, आणि मला भाव सांगता आला नाही. इतके होम केले, पण न केलेल्या होमाचं काय होतं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. घरी जाताना मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी आपला मनाशी घोळवत चाललो होतो, की खरंच, पुढं काय होतं ते बघायला पाहिजे. वसंतरावांना मी कळवलं, तिला नको असेल तर तिचं नाव मी घेणार नाही.

होम त्यांच्या मागच्या अंगणात झाला. सांगलीच्या आत्याबाई लाकडी खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. माडीवर घराची मालकीण, एक कन्नड बाई, वाळत टाकलेल्या साड्या घाईघाईनं काढत म्हणत होती, "धूर स्वल्प कमी करा, स्वामी." खैर शेवटी मिळाला होता, पण निम्मा ओला. तुपाच्या पळीवर पळी ओतून मी तो पेटवला. लाल वस्त्र, लाल फुलं, तुरीची रास मांडली. मालूला पाटावर बसवलं आणि संकल्पासाठी तिच्या ओंजळीत पाणी घातलं.

ती ओंजळ सोडेना. "शरूचं नाव घेणार नसाल तर मी उठते," ती म्हणाली. जमिनीकडे बघतच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"म्हणजे?" आत्याबाई म्हणाल्या. "दुसरीलाही मंगळ आहे?"

"पत्रिका एकच आहे," इंदुवहिनी कशाबशा बोलल्या.

"मग ती का बसली नाही पाटावर?"

"मीच नको म्हटलं," शरू म्हणाली. ती खांबाला टेकून उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडलेला. आत्याबाई खुर्चीवरून उठल्या. "उद्या आमच्या घरी हिची पाठची बहीण म्हणून ही येणार-जाणार. शांती नको म्हणणारी मुलगी! अशा घरात सोयरीक करायची म्हणजे मला विचारच करावा लागेल."

लग्न मोडतंय, हे मला समोर दिसत होतं. वसंतरावांची नजर माझ्यावर खिळली. एवढं एक नाव घ्या आणि सुटका करा, असं ती नजर म्हणत होती. शरूनंही माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी तिनं मान हलवली असती, तर मी नाव घेतलं असतं. तिनं हलवली नाही.

मला एकदम एक गोष्ट सुचली, आणि ती खरी होती. "आत्याबाई, जरा बसा," मी म्हणालो. "आपल्याकडे मंगळ बघताना पहिलं घर धरतात. इकडच्या लोकांत ते धरत नाहीत, त्याऐवजी दुसरं धरतात. म्हणजे इथल्या पद्धतीनं या मुलींना मंगळाचा दोष नाहीच."

"मग हिची शांती कशाला करताय?"

"मालू सांगलीला नांदणार आहे. तिला सांगलीचा नियम. शरू बेंगळुरातच राहणार म्हणते. तिला इथला."

आत्याबाईंनी माझ्याकडे, मग माडीकडे पाहिलं. "खरं का हो?" त्यांनी मालकिणीला मराठीतच विचारलं. तिला नीट कळलं नाही, म्हणून मी प्रश्न कन्नडमध्ये करून दिला. ती बाई साड्यांचा ढीग पोटाशी धरून म्हणाली, "सरी, सरी. बरोबर आहे. पहिल्या घराचा मंगळ आम्ही नाही धरत." आत्याबाई सावकाश खाली बसल्या. आणि मग त्यांनाच हसू फुटलं. "म्हणजे रेल्वेत बसलं की मंगळ बदलतो म्हणायचा!"

शरू पुढं झाली. मालूच्या पाटाला लागून जमिनीवर बसली आणि तिच्या कानात काहीतरी बोलली. मालूनं पाणी सोडलं. संकल्प एकीच्या नावानं झाला. धुरानं सगळ्यांचे डोळे लाल झाले होते, त्यामुळे कोण रडतंय ते कळायला मार्ग नव्हता. होम पार पडला. आत्याबाई खूश होऊन गेल्या, आणि मी घरी जाऊन बायकोला सगळं साग्रसंगीत सांगितलं. माझ्या आयुष्यातला तो एक उत्तम दिवस होता.

मालूचं लग्न झालं, ती सांगलीला गेली. शरूला एका संशोधन संस्थेत प्रयोगशाळेत नोकरी लागली. काही वर्षांनी तिनं तिथल्याच एका कन्नड मुलाशी लग्न ठरवलं. श्रीनिवास नाव त्याचं, शांत, हसरा. त्यांच्या घरी पत्रिका बघितली आणि दोष नाही म्हणून सांगितलं. इंदुवहिनींनी तेवढ्यावर समाधान मानलं. मी त्या लग्नाला जेवलो. मालूच्या घरचीही खुशाली मी आवर्जून विचारायचो. लोकांना वाटायचं, गुरुजी किती आपुलकीनं चौकशी करतात. आपुलकी होतीच, पण उत्सुकताही होती. दोन्ही रोपं हिरवीगार होती.

मग श्रीनिवासला कावीळ झाली. आधी गावठी औषध झालं, मग इस्पितळ. पंधरवडाभरात तो गेला.

मी भेटायला गेलो तेव्हा शरू माहेरी आलेली होती. त्यानंतर बरेच दिवस मी त्या रस्त्यानं जायचं टाळलं. होम, वास्तू, बारशी चालू होती, पण ओटा मांडताना मला वाटायचं, ती एक ओंजळ आपण तिच्या हातून सोडवून घ्यायला हवी होती का? शेवटी इंदुवहिनींचाच निरोप आला.

दुपारची वेळ होती. वसंतराव आरामखुर्चीत. मालू सांगलीहून आली होती, ती बहिणीशेजारी चटईवर बसलेली. आता दोघींत फरक ओळखायला बोलण्याची गरज नव्हती. इंदुवहिनी दाराशी उभ्याच राहिल्या. वसंतरावांनी हळूच मला सांगितलं, "शरू परत आल्यापासून ही तिच्याशी एक शब्द बोललेली नाही."

"बोलू काय?" इंदुवहिनी म्हणाल्या. "गुरुजी, त्या दिवशी तुम्ही हिचं नाव घेतलं असतं तर? तुमच्या हातात होतं. हिचं पोरकट वय होतं, तुमचं तर नव्हतं ना? इथले लोक पहिलं घर धरत नाहीत म्हणालात. त्यांच्या पंचांगात नव्हता, म्हणून काय तो मंगळ आकाशात नव्हता?"

मी शरूकडे वळलो. "शरू, मी नाव घ्यायला हवं होतं का गं?"

"तुम्ही नाव घेतलं असतं, आणि तरी हे गेले असते, तर आई काय म्हणाली असती?"

"माझ्या मंत्रात चूक झाली, म्हणाली असती."

"म्हणजे शांतीला कुणीच काही म्हटलं नसतं." तिचा आवाज कोरडा होता. "दोन माणसांवरून काही ठरत नाही, गुरुजी. तेव्हा मला वाटायचं ठरतं. मी लहान होते. निदान शेकड्यांनी माणसं बघावी लागतात. आई म्हणते ते खरं असेल, खोटं असेल. मला एवढंच ठाऊक आहे, की हे आजारी होते तेव्हा मी रोज एकदा तरी त्या होमाचा विचार केला."

तेवढ्यात मालू रडायला लागली. आम्हाला वाटलं, बहिणीसाठी. पण ती म्हणाली, "आई, शरूला बोलू नकोस. होम शरूचाच झाला होता."

"काय बोलतेस?"

"पाणी मी माझ्या नावानं सोडलं. शरूनं कानात सांगितलं, तू उठलीस तर लग्न मोडेल, माझ्यासाठी बस. म्हणून बसले. पण प्रत्येक आहुती टाकताना मी मनात म्हणत होते, याचं पुण्य शरूला, शरूला. शेवटपर्यंत. माझ्यासाठी एकही ठेवली नाही."

शरू तिच्याकडे वळून बघत राहिली. मग म्हणाली, "मालू, माझा सगळा प्रयोग बिघडवलास तू." तिला हसू आलं, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. श्रीनिवास गेल्यापासून ती रडली नव्हती, असं वसंतरावांनी मला नंतर सांगितलं. दोघी एकमेकींना धरून कितीतरी वेळ रडत होत्या. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

इंदुवहिनी दारातच खाली बसल्या होत्या. "गुरुजी," त्या म्हणाल्या, "मग आता काय समजायचं?"

मी विचार करू लागलो. आपलं पुण्य दुसऱ्याला देता येतं, याला शास्त्राचा आधार आहे. तसं असेल तर शरूची शांती झाली होती, आणि तरी श्रीनिवास गेला. मालूची झालीच नव्हती, आणि तिचा नवरा सांगलीत ठणठणीत होता. मनातलं देणं पोहोचतच नाही म्हणावं, तर मनातली प्रार्थना तरी कशी पोहोचते? की बहिणीसाठी एवढं सोडलं, म्हणून मालूचंच भलं झालं? प्रत्येक वाट थोडी चालून मी परत फिरत होतो. कुठलंही एक उत्तर ठासून सांगता आलं असतं. यजमानाला ठाम उत्तर हवं असतं, आणि तेच देण्यात माझी हयात गेली होती.

"मला माहीत नाही, वहिनी," मी म्हणालो.

मला वाटलं, आता ही बाई मला पुन्हा दारात उभं करणार नाही. त्या माझ्याकडे एकटक बघत होत्या.

"म्हणजे चूक कुणाचीच नाही?"

"असलीच तर मला ती दिसत नाही."

त्या भिंतीला हात टेकून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज झाला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात ताट होतं. ते त्यांनी शरूपुढं ठेवलं, स्वतः तिच्याशेजारी बसल्या आणि भात कालवत म्हणाल्या, "शरू, दोन घास खा बाई. सकाळपासून नुसत्या कॉफीवर आहेस."